जेवणाआधीची बडीशेप

आपल्याकडे बडीशेप येते ती सगळं आटोपल्यावर. पानं उचलली गेली, हात धुऊन झाले, निघायचं म्हणून उठलेले पाहुणे पुन्हा टेकले, की पितळी डबीचं झाकण वाजतं आणि त्या हिरव्या, गोडसर, किंचित थंड वासाने जेवणाला पूर्णविराम मिळतो. याच वासाने जेवणाची सुरुवात करणारी माणसंही जगात आहेत, हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं जबलपूरला, रांझीच्या पलीकडच्या एका कारखान्याच्या गेस्ट हाउसात, भर वैशाखात, चिकट झालेल्या फरशीवर उभं राहून.

मी त्या कारखान्यात दुभाषी होते. सरकारी कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा तो कारखाना. तिथे फ्रान्सहून यंत्रं येत आणि यंत्रांबरोबर ती बसवून देणारी माणसं येत. त्या माणसांना हिंदी येत नसे, आमच्या माणसांना फ्रेंच येत नसे, आणि इंग्रजी मात्र आपल्याला येतं असा दोन्ही बाजूंचा समज होता. त्या समजापायी एक यंत्र उलटं बसवलं गेल्यावर माझी नेमणूक झाली.

दुभाष्याचं काम बाहेरून वाटतं तसं शब्दांचं नसतं. शब्द कोशातही असतात. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांकडे पाहत बोलत राहावं आणि मध्ये कोणी तिसरं बसलं आहे हे विसरून जावं, हे खरं काम. खिडकीच्या काचेचं काम म्हणा. काच स्वच्छ असेल तर दिसत नाही. दिसू लागली, की तिच्यावर डाग पडला असं समजावं. म्हणून या धंद्याचा पहिला नियम असा, की दुभाष्याने स्वतःचं वाक्य बोलायचं नाही. तो मी नोकरीभर पाळला. एकदाच मोडला, आणि आज सांगायचं आहे ते त्याच दिवसाबद्दल.

कामाची तालीम तशी लहानपणीच झाली होती. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमचं नागपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेलं आणि वडिलांची रेल्वेतली नोकरी मध्य प्रदेशात राहिली. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी आई घासाघीस करायची ती माझ्यामार्फत. आई म्हणायची, "हिले सांग, मेथी शिळी आहे. आम्हाले काय आंधळे समजून राहिली काय?" मी सांगायचे, "अम्मा पूछ रही हैं, ताज़ी मेथी किस दिन लाओगी?" बाई हसून वरून चार काड्या कोथिंबीर टाकायची, आणि आपण हिला चांगलं खडसावलं या समाधानात आई आत जायची. दोन्ही पक्ष खूश राहिले म्हणजे भाषांतर बरोबर झालं, असं मला पुढे पुष्कळ वर्षं वाटत होतं.

फ्रेंच मात्र मी कवितेसाठी शिकले. एम.ए. केलं ते मराठी कवितेत. मग कोणाच्या तरी घरी तबकडीवर फ्रेंच कवितांचं वाचन ऐकलं आणि त्या भाषेचे नाकातले स्वर कानात राहून गेले, शिंपला कानाला लावल्यावर घुमतं तसे. पदविकेला बसले. परिणाम असा, की कारखान्यात पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा चंद्र, विरह, शरद ऋतू आणि ओसाड बागेतलं कारंजं या सगळ्यांसाठी माझ्याजवळ दोन दोन फ्रेंच शब्द होते आणि नट-बोल्टसाठी एकही नव्हता. फोरमन दुबेजींनी मागितलेला पाना मी पाहुण्यांना "घट्ट मिठी सोडवणारी लोखंडी वस्तू" असा समजावून सांगितला. पाहुण्यांनी अर्थ बरोबर ओळखला, पण त्यानंतर आठवडाभर ते माझ्याकडे जरा काळजीने पाहत असत.

हे पाहुणे म्हणजे मोस्यू बार्तेल. मोस्यू हे आपल्या 'श्रीयुत'सारखं. मार्सेय नावाचं एक जुनं बंदर फ्रान्सच्या दक्षिणेला आहे, त्याच्या जवळच्या एका खेड्यातले. ठेंगणे, रुंद, उन्हाने रापून मान विटेसारखी लाल झालेली. कामगारांच्या जिभेवर ते नाव काही बसेना; आठवड्याभरात त्यांचे 'बर्तनसाहब' झाले आणि तेही त्या हाकेला ओ देऊ लागले. एखादा बेअरिंग बसेना की ते शिव्या देत. त्या शिव्यांत संत असत, शेळ्या असत, यंत्र बनवणाऱ्याची मावशी असे, आणि शेवटी सगळे एकाच विहिरीत पडत. कवितेची विद्यार्थिनी म्हणून मला त्या रचनेचा आदरच वाटे. भाषांतर मी असं करी: "साहब को थोड़ी असुविधा हो रही है।" त्यावर दुबेजी बुंदेलीत जे उत्तर देत त्यातही बरेच नातेवाईक असत. ते मी फ्रेंचमध्ये सांगे: "फोरमन सहमत आहेत." आईच्या मेथीचाच हिशेब. दोघांची गट्टी जमली ती अशी.

मोस्यूंचा मुक्काम कारखान्याच्या गेस्ट हाउसात होता आणि त्या गेस्ट हाउसाचा प्राण होते रामटेके काका. मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. पाणी भरणं, चहा देणं, फरशी पुसणं, दारं-खिडक्या लावणं, सगळं त्यांच्याकडे. अंगाने काटक, पांढरा सदरा सदैव इस्त्रीचा. त्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून दारूच्या थेंबाला ओठ लावला नव्हता. रांझीच्या विहारात दर रविवारी वंदना तेच घेत. पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज किंचित वर चढत असे आणि मागच्या रांगेतली काही माणसं खाली बघत असत. त्यातल्या कित्येकांची बाटली काकांनी स्वतः सोडवली होती: समजावून, रुसून, वेळ पडली तर त्यांच्या दारात बसून राहून. आमच्याही घरात तेच पाचवं शील. त्यामुळे पुढे ज्या पेयाविषयी मी इतकं लिहिणार आहे ते मी आजवर चाखलेलं नाही. मला त्याची माहिती आहे ती फक्त नाकाने आणि डोळ्याने.

त्या पेयाचं नाव पास्तीस. चक्रीफूल, बडीशेपेच्या कुळातलं एक बी, ज्येष्ठमध आणि साखर, हे सगळं कडक मद्यात उतरवून केलेलं. त्याच्या आधी तिकडे एक हिरवी दारू फार चाले. ती माणसाला वेड लावते म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या सरकारने बंद केली. दारू गेली, पण तिच्यातल्या बडीशेपेच्या वासाची लागलेली ओढ गेली नाही. त्या ओढीतून हे नवं पेय आलं आणि दक्षिणेकडच्या गावागावांत दुपारी जेवणाआधीचा एक तास त्याच्या मालकीचा झाला. त्या तासाला त्यांच्यात मोठा मान. कामाचं बोलायचं नाही, घाई करायची नाही, झाडाखाली लोखंडी गोळे फेकण्याचा एक खेळ खेळायचा आणि भूक हळूहळू जागी होऊ द्यायची.

मोस्यू रोज दुपारी गेस्ट हाउसच्या ओसरीवर बसून हे करत. उंच पेल्याच्या तळाशी मधाच्या रंगाचा बोटभर द्रव. मग सुरईतलं गार पाणी बारीक धारेने सोडायचं. आणि माझी रोज नजर खिळे ती त्यानंतरच्या क्षणावर: तो पारदर्शक सोनेरी द्रव आतून दाटून येई. प्रथम एक धूसर धागा, मग त्याची गुंडाळी, मग सगळा पेला पांढरा. भेडाघाटला हिवाळ्याच्या सकाळी नर्मदेवर धुकं उतरतं आणि संगमरवराचे कडे कुठे संपतात अन् पाणी कुठे सुरू होतं हे कळेनासं होतं, त्या रंगाचा. मोस्यूंनी त्याचं कारणही सांगितलं. बडीशेपेचं सुगंधी तेल मद्यात विरघळून लपलेलं असतं. पाणी वाढलं की त्याला लपायला जागा उरत नाही, ते बारीक थेंब होऊन बाहेर येतं, आणि ते थेंब उजेड अडवतात.

"आणि एक लक्षात ठेवा," ते बजावत. "पाणी ज्याचं त्याने ओतायचं. माझ्या पेल्यात दुसऱ्याने पाणी ओतलं, तर त्याने माझं वाक्य तोडलं असं मी समजतो."

दुभाष्याला हा नियम चटकन पटला.

त्यांनी आणलेल्या बाटल्या एकेक करून संपल्या. एक उरली. ती त्यांनी बाजूला ठेवली, कारण त्यांच्या गावची रीत अशी, की यंत्र चालू झालं की ज्यांनी ज्यांनी त्याचा एखादा बोल्ट आवळला त्या सगळ्यांबरोबर एक एक पेला घ्यायचा. तसं न करता परतलेल्या माणसाचं यंत्र त्याच्या पाठीमागे रुसतं म्हणे. शेवटची बाटली चाचणीच्या दिवसासाठी होती.

आता ती ठेवायची कुठे? वैशाखातलं जबलपूर, भिंतीसुद्धा हाताला चटका देत होत्या. फ्रीजमध्ये ठेवली तर बडीशेपेचं तेल गोठून त्याचे कण होतात आणि पेयाचा रंगच मरतो. मग मोस्यूंनी गेस्ट हाउसातली सर्वांत गार जागा शोधून काढली: त्यांच्या खोलीचं न्हाणीघर. तिथल्या कोपऱ्यातल्या बादलीभर पाण्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवून ठेवली. पाण्याने बाटली गार राहिली आणि चार दिवसांत तिचं लेबल सुटून, विरघळून नाहीसं झालं.

इथून पुढचं कळायला आपल्याकडची एक साधी गोष्ट आठवावी लागेल. आमच्या स्टोअरमध्ये फिनेल मोठ्या डब्यात येई आणि तिथून ते मिळेल त्या रिकाम्या बाटलीत भरून वाटलं जाई. सरबताची बाटली, औषधाची बाटली, कधी रमचीही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बिनलेबलची बाटली दिसली तर तिच्यात काय असतं, हे आपल्यापैकी कोणालाही विचारून पाहा.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि मोस्यू कारखान्यातून जेवायला गेस्ट हाउसात आलो. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून मोठे साहेब यायचे होते, त्यामुळे अंगणातल्या दगडांनासुद्धा चुना लावलेला. फाटकातून आत शिरताच मला वास आला. शंभर पितळी डब्या एकदम उघडाव्यात असा. मला वाटलं, उद्याच्या जेवणासाठी बडीशेप भाजत असतील.

मोस्यू ओसरीवर थबकले. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

"मदाम, आज मला घराची फार आठवण येते आहे," ते हळूच म्हणाले. "इतकी, की वाससुद्धा येतो आहे."

रामटेके काका दारातच उभे होते. सदरा ओला, गुडघे ओले, चेहऱ्यावर कन्येचं लग्न पार पाडल्याचं तेज. आतली फरशी आरशासारखी चमकत होती.

"ताई, साहेबांना विचारा ना, कसं वाटून राहिलं."

मी विचारलं. मोस्यू म्हणाले, "आपल्या गावी आल्यासारखं."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. काका कृतार्थ झाले. "सगळं घर पुसून काढलं. दिल्लीवाल्याची खोली तं दोन डाव."

आम्ही आत गेलो. माझ्या चपला प्रत्येक पावलाला फरशी सोडताना चट् असा आवाज करू लागल्या. मोस्यू त्यांच्या खोलीत गेले, न्हाणीघराचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग ते संत, त्या शेळ्या आणि ती मावशी असे सगळे एकदम बाहेर आले.

ओरडा ऐकून प्रशासनाचे तिवारीजी धावत आले. गेस्ट हाउस त्यांच्या हाताखाली होतं. हा गृहस्थ वाईट नव्हता. फक्त त्यांना कोणत्याही प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत सापडत असे. साहेबांची विलायती दारू नाहीशी झाली एवढं माझ्याकडून कळताच ते थेट झाडू-पोछ्याच्या कपाटाकडे गेले. तिथे बाटली होती: रिकामी, धुतलेली, वाळण्यासाठी पालथी घातलेली. मग ते काकांजवळ आले आणि नाक पुढे करून त्यांचा सदरा हुंगला.

"मैडम, यह आदमी पूरी बोतल चढ़ा गया।"

"कोन? मी?" काका म्हणाले.

"ऊपर से नीचे तक महक रहे हो, रामटेके।"

"अहो, ते फिनेल होय. साहेबानं आपल्या घरून आणलं असन, असं समजलो मी. आपल्या फिनेलचा वास त्यांना आवडत नाही, नाक दाबून न्हाणीत जाते. वासाचं होतं, चांगलं होतं. पाण्यात टाकून पाहिलं, तं दुधासारखं पांढरं झालं. मग फिनेल नाही तं काय समजू मी?" आणि हिंदीत, तिवारीजींसाठी: "साहब, पोछा लगाया। पूरे घर में लगाया।"

"अच्छा। और खड़े कैसे हो फिर, इतना सीधा?"

"पी ही नहीं तो गिरूँगा क्यों?"

"पूरी बोतल पीकर भी सीधा खड़ा है," तिवारीजी मला म्हणाले, "मतलब पुरानी आदत है।"

तोपर्यंत तो द्रव म्हणजे दारू होती ही गोष्ट काकांच्या नीट ध्यानात आली. त्यांनी आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं आणि ते भिंतीला पुसले. मग पुन्हा पुसले.

तिवारीजींनी निकाल देऊन टाकला: उद्यापासून कामावर यायचं नाही, आणि दारू चोरून प्यायल्याबद्दल काढलं असं फाटकावरच्या फळ्यावर लागेल, सगळ्यांना धडा मिळावा म्हणून. काका नोकरीविषयी एक शब्द बोलले नाहीत. ते माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू म्हणाले, "ताई, तो फळा आपली अख्खी रांझी वाचते. परवा रविवार आहे. मी कोणत्या तोंडानं पाचवं शील म्हणू? माझ्या म्हणण्यावर ज्यायनं सोडली, ते काय म्हणतीन? काहून सोडली मग आपण, असंच म्हणतीन ना? मले मूर्ख म्हणा. फरशीले दारू पाजली म्हणा. पण स्वतः पेला म्हणू नका."

मोस्यू विचारत होते, "काय म्हणतो आहे तो? काय चाललं आहे?" तिवारीजी म्हणत होते, "साहब से कहिए, कार्रवाई हो गई, हम शर्मिंदा हैं।" नियमाप्रमाणे मला तेवढंच सांगायचं होतं: कारवाई झाली, आम्ही शरमिंदे आहोत. काच म्हणून माझं काम तिथे संपत होतं.

मी खाली पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहवेना. आणि फरशीवर, भिंतीच्या कडेने, मला मुंग्या दिसल्या.

लाल, बारीक, उन्हाळ्यातल्या मुंग्या. ओसरीच्या पायरीवरून चढलेली एक रांग उंबरठा ओलांडून आत आली होती, खोलीच्या मधोमध तिला फाटे फुटले होते आणि जिथे जिथे काकांच्या फडक्याने अर्धगोल काढला होता तिथे तिथे त्या चमकत्या फरशीला हुबेहूब त्याच अर्धगोलाची तांबूस किनार आली होती. फिनेलने मुंग्या पळतात. या तर पंगतीला बसल्या होत्या.

मी फ्रेंचमध्ये म्हणाले, "मोस्यू, तिवारीजी म्हणतात की या माणसाने तुमची बाटली प्यायली. आता मी जे बोलणार आहे ते कोणाचंही भाषांतर नाही, माझं आहे. कृपा करून खाली वाका आणि फरशीचा वास घ्या."

मोस्यूंनी माझ्याकडे पाहिलं. काचेने तोंड उघडल्यावर माणूस पाहील तसंच. मग ते दोन्ही गुडघ्यांवर बसले, तळवे टेकले आणि नाक फरशीला लावलं. तिवारीजी घाईघाईने मागे सरले. साहेबांना दुःखाने चक्कर आली असं त्यांना वाटलं. मोस्यू मुंग्यांच्या कडेकडेने रांगत खोलीतून ओसरीवर आले, ओसरीवरून जेवणाच्या खोलीत गेले, तिथून दिल्लीच्या साहेबांच्या खोलीत. मागे मी, माझ्या मागे तिवारीजी, सर्वांत मागे काका, त्यांच्या हातात पोछ्याचं फडकं. शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात बादली तशीच उभी होती. आत तळाशी उरलेलं पाणी, नर्मदेवरच्या धुक्याच्या रंगाचं. मोस्यूंनी तिच्यात डोकं घातलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते रडत आहेत असं मला वाटलं. पण ते बादलीतच हसत होते आणि तो आवाज सगळ्या घरात घुमत होता.

डोकं बाहेर काढून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एका बादलीला किती घातलं?"

"एक कप," काका म्हणाले. "प्रत्येक खोलीले नवी बादली."

"फार पातळ," मोस्यू गंभीरपणे म्हणाले. "एकास पाच असावं. पण वाटप सरळ हाताने केलं आहे. एक खोली उपाशी ठेवली नाही."

मी ते मराठीत आणि हिंदीत सांगितलं. तिवारीजी मात्र अजून हटायला तयार नव्हते. "आधी बोतल पोंछी होगी मैडम, आधी पी होगी।"

मोस्यूंनी भाषांतर ऐकलं, फरशीवरच मांडी घातली आणि सावकाश, एकेक शब्द माझ्यासाठी सुटा करून बोलले. "या गृहस्थांना सांगा. मी ज्या गावात वाढलो तिथला लहान मुलगाही हे जाणतो. ज्याने या पेयाचा एक घोट घेतला तो उरलेलं फरशीवर ओतणार नाही. आणि ज्याने इतकं फरशीवर ओतलं, त्याने एकही घोट घेतलेला नाही. यापेक्षा भक्कम पुरावा माझ्या देशात खुनाच्या खटल्यातही मिळत नाही."

तिवारीजींनी यावर खरंच विचार केला. विचार करताना मी त्यांना तेव्हा प्रथमच पाहिलं. "यह बात तो," ते शेवटी म्हणाले, "अनुभव की है।" फळ्यावर काही लागलं नाही.

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. यंत्र पहिल्याच झटक्यात चाललं. दुबेजींनी त्याला हळद-कुंकू लावलं आणि मोस्यूंनी त्याच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारली. दुपारी सगळे ओसरीवर जमले. टेबलावर पेले होते, पाण्याची सुरई होती, आणि मध्ये बाटलीची जागा मोकळी होती. रीत मोडणार होती.

तेवढ्यात रामटेके काका आतून कळशी घेऊन आले. काकूंनी पहाटे उठून केलेलं बडीशेपेचं सरबत: रात्रभर भिजवलेली बडीशेप वाटून, खडीसाखर घालून, फडक्यातून तीनदा गाळलेलं. उन्हाळ्यात आमच्या घरोघरी होतं तेच, पण पाणी फार कमी घालून दाट ठेवलेलं. काकांनी प्रत्येक पेल्याच्या तळाशी बोटभर ओतलं आणि सुरई मोस्यूंसमोर सरकवली.

"ताई, त्यांना सांगा, पाणी ज्यानं त्यानं घ्यावं. मी रोज पाहून राहिलो होतो ना."

मोस्यूंनी बारीक धारेने पाणी सोडलं. सरबत काही पांढरं झालं नाही; नुसतं फिकट हिरवं झालं, कोवळ्या पानातून ऊन दिसावं तसं. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. आम्ही सगळे पाहत होतो. "ढग नाहीत," ते म्हणाले. "पण आकाश आमचंच आहे." मग त्यांनी सुरई काकांकडे दिली. काकांनी आपल्या हाताने आपल्या पेल्यात पाणी ओतलं आणि मोस्यूंच्या पेल्याला पेला टेकवला. इतक्या सावधपणे, की आवाजही झाला नाही. रविवारी विहारात पाचवं शील म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा अधिकच वर गेला, असं वडील सांगत होते.

वंदना झाल्यावर काकांनी स्वतःच सगळ्यांना ही हकीकत ऐकवली. पुढे ती ते कुठेही ऐकवत. कुंडमला बहिणीकडे गेले तरी. "दारू कोणाले पाजाची असन तं फरशीले पाजा," म्हणत, "तिचे पाय लटपटत नाहीत."

धंद्यातून निवृत्त झालेल्या माणसाला मागे काहीतरी दाखवायला असतं. दुबेजींची यंत्रं अजून चालतात. दुभाष्याचे शब्द बोलून होताच विरतात, आणि तेही दुसऱ्याचे. याचं मला कधी कधी वाईट वाटतं. आता काका नाहीत. पण जेवणानंतर कोणी बडीशेपेची डबी पुढे केली की मला ती संपूर्ण ओसरी परत मिळते, आणि नोकरीतलं माझं स्वतःचं असं ते एक वाक्यही.

या गोष्टीचा शेवट मात्र माझ्या वाक्याने होत नाही. मोस्यू परतल्यावर वर्षाच्या आतच दुसरे एक फ्रेंच तंत्रज्ञ आले. त्यांनी मोस्यूंनी पाठवलेल्या दोन बाटल्या आणल्या होत्या. निरोप असा होता, की एक यंत्राच्या मंडळींसाठी आणि दुसरी रामटेकेंच्या फरशीसाठी. पहिली ओसरीवर रीतसर संपली. दुसरी काकांनी दोन्ही हातांनी घेतली, लेबल नीट पाहिलं, आणि ती सगळ्यांसमोर तिवारीजींच्या हवाली केली. "साहब, आप ही सँभालिए। हमारे पास पोछे में चली जाएगी।" तिवारीजींना हा विश्वास फार आवडला. त्यांनी बाटली आपल्या ऑफिसच्या काचेच्या कपाटात, सर्वांना दिसेल अशी ठेवली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एके सकाळी काका चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि कप ठेवून रेंगाळले.

"ताई, तिवारीजींच्या कपाटातली बाटली पाहिली काय? अर्ध्यावर आली."

"सांडली असेल काका. झाकण सैल असेल."

"असन, असन." त्यांनी माझ्या कपाची बशी फडक्याने पुसली. "पण मी रोज झाडायले जाऊन राहिलो तिथं. खाली, आजूबाजूले, सगळीकडे पाहिलं." आणि दाराशी पोचल्यावर, मागे न वळता, म्हणाले, "मुंगी एक नाही, ताई."